महाराष्ट्रातील व्यसनविषयक समाजकार्यात ‘हानी-न्यूनीकरण’ विचाराचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

‘गर्दुल्ल्याला निर्जंतुक सुई देणे म्हणजे व्यसनास उत्तेजन नव्हे काय?’ असा प्रश्न वर्गात हमखास उपस्थित होतो. (हा शब्दच मुळी माणसाला बाजूस सारतो.) अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या परिसरात दारू व तंबाखू परिचयाची, सुईचे व्यसन मात्र दूर मुंबईचे वाटते. प्रश्न नैतिक असला तरी त्याचे उत्तर बरेचसे इतिहासात सापडते. व्यसन सुटो वा न सुटो, त्यातून उद्भवणारे रोग व मृत्यू कमी करणे म्हणजे हानी-न्यूनीकरण होय.

हा विचार एड्सच्या काळात परदेशातून आला, असे सामान्यतः मानले जाते. ॲमस्टरडॅम येथे १९८४ मध्ये सुई-बदल कार्यक्रम सुरू झाला, हे खरेच. परंतु भारतात १९४९ मध्ये अफूचा बिगर-वैद्यकीय वापर दहा वर्षांत संपविण्याचे धोरण ठरले, तेव्हाही नोंदणीकृत व्यसनींना वैद्यकीय कारणास्तव अफू पुरविण्याची सोय राखली गेली. १९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कलम ७१ मध्येही अशा पुरवठ्याची तरतूद आहे. कठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यातील ही बाजू अभ्यासकांकडून सहसा दुर्लक्षित राहते.

डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये स्थापन केलेल्या मुक्तांगणने व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही जाणीव मराठी समाजात रुजविली. तेथील उपचाराचा पाया पूर्ण व्यसनमुक्ती हा होता. पण जो केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, किंवा उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळतो, त्याचे काय? मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने रस्त्यावर राहणाऱ्या अशाच माणसांमध्ये काम केले. एकाच सुईत राहिलेल्या रक्तातून एचआयव्ही व हिपॅटायटिस-सी पसरतात. नवी सुई ही साखळी तोडते. जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फिन गोळी त्याहून पुढे जाते. तिने तलफ शमते, सुईची गरज कमी होते, आणि गोळीच्या निमित्ताने रुग्ण रोज कार्यकर्त्याच्या नजरेस पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीचे सामर्थ्य औषधाइतकेच या नित्य भेटीत आहे. व्यसन सोडण्यासाठी माणूस आधी जिवंत राहावा लागतो.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-२०१२) या उपचाराचा समावेश झाला. तथापि कायद्याचे स्पष्ट संरक्षण एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ च्या कलम २२ ने दिले. तो १० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आला. म्हणजे संकल्पच्या स्थापनेनंतर तेवीस वर्षांनी. त्यापूर्वी सुई वाटणाऱ्या कार्यकर्त्यावर गुन्ह्यास साहाय्य केल्याचा ठपका येऊ शकत होता. आता त्या कृतीपुरते सुई देणारा व घेणारा दोघेही सुरक्षित आहेत. सुईतील द्रव्याचे सेवन मात्र १९८५ च्या अधिनियमातील कलम २७ अन्वये अद्याप गुन्हाच आहे.