तालुक्याच्या पुढे : धरणकाठचा खो-खो

आपल्या शाळेच्या कार्यालयातले काचेचे कपाट ज्यांनी नीट पाहिले असेल त्यांना आठवेल, त्यातल्या बहुतेक ढाली खो-खोच्या आहेत आणि जवळजवळ सगळ्यांवर ‘तालुकास्तर’ असे कोरलेले आहे. मेळाव्याच्या बैठकीत यंदा एक विषय निघाला आहे. शाळेपुरता असलेला मुलींचा संघ गावाच्या क्रीडा मंडळाच्या नावाने जिल्हा संघटनेकडे नोंदवायचा का, आणि माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून मॅट घ्यायची का? हो-नाही दोन्ही बाजूंनी जोरात बोलले जाते आहे. मी संगणक अभियंता, इतिहासकार नव्हे. पण ठरवण्याआधी मागचे थोडे पाहावे म्हणून हा लेख.

आपल्याकडे खो-खोच का रुजला, याचे उत्तर धरणात आहे. उजनी १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसीचा यशवंतसागर भरला आणि भीमाकाठची जुनी गावठाणे, मळे, देवळे, रेल्वेचा जुना मार्ग पाण्याखाली गेला. करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतली किती तरी गावे उचलून माळावर नेऊन ठेवली गेली. आपल्या शाळेचे जुने पटांगण तळाशी राहिले. नव्या गावठाणात मिळाला तो मुरमाड तुकडा. तिथे क्रिकेटचे साहित्य कुठून येणार? खो-खोला दोन खांब, चुन्याची फक्की आणि पळणारी मुले एवढेच लागते. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा मिळाली की झाले. सरांनी आणि पहिल्या बॅचच्या मुलांनी दगड वेचून ती जागा केली, हे आपण सगळ्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

खेळ मात्र आपल्या गावाइतका नवा नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यात भर घातली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली आणि महिलांची पुढच्याच वर्षी कोल्हापूरला. म्हणजे मुलींचा खो-खो राष्ट्रीय पातळीवर जाऊन पासष्ट वर्षे होत आली. आपल्या गावात मात्र ‘मुलीच्या जातीला मुक्कामाला कशाला पाठवायचे’ हा प्रश्न नव्वदच्या दशकातही होता. आमच्या वेळी तालुका जिंकल्यावर जिल्ह्याला सोलापूरला जायचे होते, तेव्हा बारापैकी चौघींच्या घरून नकार आला. ऊसतोडीचे दिवस, एसटी रात्री उशिरा, शिवाय सोबत बाई शिक्षिका नाही. सर त्या चारही घरी गेले. दोघी आल्या, दोघी राहिल्या. आम्ही दहा जणी गेलो आणि पहिल्याच सामन्यात डावाने हरलो. तरी त्या दहांपैकी प्रत्येकीला तो प्रवास अजून तपशीलवार आठवतो.

शालेय स्पर्धांची शिडी सरळ आहे : तालुका, जिल्हा, पुणे विभाग, मग राज्य. जिंकलात की वर जाता, कुणी विचारत नाही की जायचे आहे का. पण दहावी झाली की शाळेची शिडी हातातून सुटते. दुसरी शिडी संघटनेची. तिच्यात चौदा वर्षांखालील किशोर-किशोरी, अठरा वर्षांखालील कुमार-मुली आणि मग खुला गट. तिथे शाळा नव्हे, मंडळ नोंदवावे लागते. ही नोंदणी हा निर्णय असतो आणि त्याला खर्च असतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांत हेच मोठ्या प्रमाणावर चालते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा आइस हॉकी संघ अनेक वर्षे नुसता क्लब होता. २०१४ मध्ये ३ कोटी २० लाख डॉलरची देणगी जाहीर झाली आणि मगच तो पहिल्या श्रेणीत गेला. मिनेसोटातल्या सेंट थॉमस विद्यापीठाचे आणखी वेगळे. तिसऱ्या श्रेणीत ते इतके भारी झाले की सोबतच्या कॉलेजांनी त्यांना आपल्या गटातून काढले. २०२१ मध्ये ते थेट पहिल्या श्रेणीत गेले. आपला प्रश्न लाखांचाही नाही, पण जात तीच. खालच्या फळीत जिंकत राहायचे, की वरच्या फळीत काही वर्षे हरायची तयारी ठेवायची?

लांब कशाला जायचे, माळशिरस तालुक्यातले वेळापूर पाहा. अर्धनारी नटेश्वराच्या नावाचे तिथले मंडळ राज्यात ओळखले जाते. त्याच वेळापूरचा रामजी कश्यप २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीगच्या पहिल्या हंगामात चेन्नईकडून खेळला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. त्याच स्पर्धेत प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. वेळापूरही काही शहर नव्हे. फरक सातत्याचा आहे, आणि वर्षानुवर्षे संध्याकाळी मैदानावर थांबणाऱ्या माणसांचा.

विरोधकांचे म्हणणेही खोटे नाही. मंडळ वर गेले की चांगली पोरे मोठी मंडळे उचलतात. तालुक्याची ढाल, जिच्यासाठी पाचवीतली मुलगी मैदानावर येते, तीही जाऊ शकते. आणि मॅट. मातीवर मारलेला सूर आणि मॅटवर मारलेला सूर यांत अंतर आहे. पायाची पकड बदलते, वळण्याचा वेग बदलतो. मोठ्या स्पर्धा मॅटवर गेल्या आहेत. मातीवरची पोर तिथे पहिली दहा मिनिटे चाचपडते आणि सामना तेवढ्यातच हातचा जातो. मॅट ठेवायला छप्पर हवे, तिला उंदीर-पावसापासून जपायला माणूस हवा. आपल्याकडे दोन्ही नाहीत.

माझे मत विचाराल तर मंडळ आधी, मॅट नंतर. नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे, पण तिथे तालुक्याचे प्रमाणपत्र चालत नाही, राज्यापासून पुढचेच धरतात. आपल्या काचेच्या कपाटातल्या एकाही ढालीने कुणाला अर्ज भरता आला नाही, हे मला बोचते. मुलांना निदान लीगचा दरवाजा आहे. मुलींना तोही नाही, म्हणून त्यांना संघटनेच्या शिडीची गरज जास्त. पहिली तीन वर्षे नोंदणी, प्रवास आणि सोबतीला एक बाई प्रशिक्षक यांवर निधी खर्चावा. मॅटचा सराव जिथे मॅट आहे तिथे महिन्यातून दोनदा गाडी करून जाऊन करावा. आणि शाळेचा संघ मोडू नये, मंडळाच्या खाली तो तसाच चालू राहावा.

मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर मैदानावर आठवी-नववीच्या मुलींचा सामना ठेवला आहे, मातीवरच. त्यांचे आईवडीलही येणार आहेत. मुक्कामाचा प्रश्न त्यांना तिथेच, मुलींच्या समोर विचारायचा असे ठरले आहे.