मध्यस्थाची मर्यादा

विद्यापीठाच्या प्रमुखाची उंची कशाने मोजावी, हा प्रश्न निघाला की आम्हांस कॅलिफोर्निया विद्यापीठाचे क्लार्क कर आठवतात. ते मूळचे कामगार-अर्थशास्त्राचे अभ्यासक. मालक-मजूर तंट्यांत मध्यस्थी करण्यात मुरलेले. १९५० साली कम्युनिस्टविरोधी शपथेवर सही न करणाऱ्या प्राध्यापकांना काढण्यात आले, तेव्हा स्वतः सही केलेली असूनही ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९५२ मध्ये ते बर्कलीचे पहिले चॅन्सेलर झाले आणि १९५८ मध्ये संपूर्ण विद्यापीठाचे अध्यक्ष.

१९६० चा ‘मास्टर प्लॅन’ हे त्यांचे सर्वांत मोठे काम. गुणानुक्रमे वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांना विद्यापीठ, वरच्या तृतीयांशाला राज्य महाविद्यालये आणि उरलेल्या सर्वांना कनिष्ठ महाविद्यालये खुली, अशी ती रचना. निवड आणि समता यांच्यातला तो तह होता.

१९६४ मध्ये मात्र तह साधला नाही. आवारातील राजकीय प्रचारावरच्या निर्बंधांविरुद्ध विद्यार्थी उठले. डिसेंबरात सुमारे ८०० जणांना अटक झाली. विद्यार्थ्यांना कर निर्जीव यंत्रणेचे चालक वाटले, तर विरोधी राजकारण्यांना दुबळे. रोनाल्ड रेगन गव्हर्नर होताच, जानेवारी १९६७ मध्ये, नियामक मंडळाने त्यांना पदच्युत केले.

वेतनाच्या तंट्यात मधला आकडा सापडतो. अभिव्यक्तीच्या हक्काला तसा मधला आकडा नसतो. इथेच त्यांचे कसब थिटे पडले, असे आम्हांस वाटते. पण पद गेल्यावरही त्यांनी उघडलेली दारे मिटली नाहीत. त्यांची उंची आम्ही त्या दारांवरूनच मोजतो.