गोटुल, शाळा आणि सशस्त्र संघर्ष : गडचिरोलीतील गोंडी शिक्षणपरंपरा

सशस्त्र संघर्षाचा इतिहास लिहिताना लढाया आणि मृतांची संख्या यांचीच नोंद बहुधा होते. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगड घेतला, हे वऱ्हाडातील विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्या गडाभोवतीच्या मेळघाटात कोरकू मुले तेव्हा काय आणि कोणाकडून शिकत होती, हे कोणी विचारीत नाही. विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, हा प्रश्न अलीकडच्या काळासंबंधी विचारता येतो.

गोटुल ही तेथील गोंड समाजाची तरुण पिढी घडविणारी संस्था होय. तीत वेतनावर नेमलेला शिक्षक नसतो. थोरली मुले धाकट्यांना शिकवितात. गाणी, नाच, कुळाचे व्यवहार, जंगलात वावरण्याची रीत हा तिचा अभ्यासक्रम. व्हेरियर एल्विन यांचा मुरियांच्या गोटुलावरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि बाहेरच्या वाचकांचे कुतूहल तेथील स्त्री-पुरुष संबंधांवरच खिळले आणि गोटुलाचे शैक्षणिक स्वरूप दुर्लक्षित राहिले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९८० च्या सुमारास नक्षलवादी गट या भागात आले. एकट्या धानोरा तालुक्यात २००९ साली मरकेगाव येथे १५ व हत्तीगोटा येथे १६ पोलीस मारले गेले. अशा मुलखात तरुणांचे रात्री एकत्र जमणे निर्धोक राहत नाही. असे असले तरी गोटुलाच्या ऱ्हासाचे सारे खापर बंदुकीवर फोडणे इतिहासास धरून होणार नाही. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी उभारलेले गोटुल लाकडाच्या वापरावरून पोलीसबळाने पाडण्यात आले होते. परिसरातील गावांनी सभा घेतली, ते पुन्हा उभे केले, आणि आपापल्या गावीही गोटुले बांधली.

पुढे २०१९ मध्ये मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या नावातही ‘गोटुल’ हा शब्द ठेवला. आधार घेतला तो संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क चा आणि परंपरांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचा. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ही शाळा अनधिकृत ठरवून नोटीस बजावली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले.

येथे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते. कलम १८ मान्यतेशिवाय शाळा चालविणाऱ्यास १ लाख रुपयांपर्यंत, आणि ती चालूच ठेवल्यास दररोज १० हजार रुपयांपर्यंत दंड ठरविते. शिवाय कलम २३ शिक्षकाची किमान पात्रता निश्चित करण्याचे काम केंद्राने नेमलेल्या प्राधिकरणाकडे देते. गोटुलात गाणे शिकविणाऱ्या थोरल्या मुलाचा वा मुलीचा त्या पात्रतेत कोठेही उल्लेख नाही.