तळटीप : जांभळाच्या रसातली वीज

* लेखकाने ‘जांभळाच्या रसातून वीज’ असे म्हटले आहे. वीज रसात नसते, म्हणून हा खुलासा. रस वापरतात तो रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटात; हा घट १९९१ साली स्वित्झर्लंडमधील लोझानच्या मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ’रेगन यांनी मांडला. त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पूड. डोळ्यांना दिसणारा उजेड तिला जवळजवळ शोषता येत नाही. ते काम रंगाचे. उजेड पडला की रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन पुडीला देतो आणि आयोडाइडच्या द्रावणातून ती उणीव भरून काढतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगवणारे अँथोसायनिन इथे कामी येते, कारण त्याच्या रेणूतले शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल गट टायटॅनियमला घट्ट धरून बसतात. पुडीचा लेप दिलेली काच रसात बुडवली की जांभळी होते, आणि नळाखाली धरली तरी रंग सुटत नाही. रूरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१७ मध्ये जांभूळच वापरले होते. वनस्पतिरंगांचे असे घट बहुधा एक-दोन टक्क्यांपुढे जात नाहीत, शिवाय रंग उन्हाने विटतो. छपरावरच्या सिलिकॉनशी त्यांची तुलना अन्यायाची ठरेल. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र हा प्रयोग जरूर करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. – संपादक