सांगाडा आणि सांगड

गेमिंगचा डेस्कटॉप कधीकधी अर्धवटच विकायला ठेवतात: कॅबिनेट, मदरबोर्ड आणि वीज पुरवणारा एसएमपीएस. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड ज्याचे त्याने घालायचे. इंग्रजीत याला ‘बेअरबोन’, म्हणजे नुसती हाडे म्हणतात. मराठीत सहज तोंडी येतो तो सांगाडा. तोही ऐकताच हाडांचा सापळा डोळ्यांपुढे येतो, पण या शब्दाच्या मुळाशी हाड नाही.

मुळाशी आहे संस्कृत ‘संघाट’: लाकडे एकमेकांत बसवून केलेली जोडणी. प्राकृतात त्याचे ‘संघाड’ झाले. टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात या एकाच मुळाखाली आपली सांगड आणि इमारतीची चौकट या अर्थाचा सांगाडा शेजारी बसले आहेत. लाकूड कातायची सांगाडी तिथेच आहे, आणि याच कुळातल्या कुमाऊनी शब्दाचा अर्थ आहे दाराची चौकट. तेर या गावच्या संग्रहालयात उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आहे. तिच्यापुढे उभे राहिले की सांगाड्याचा तो जुना अर्थ कोशाशिवाय कळतो.

तेरशी या शब्दाचे आणखी एक नाते आहे. दोन होड्या जोडून केलेल्या तराफ्यालाही सांगडच म्हणतात. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीवरच्या आपल्या ग्रंथात या सांगडीशी ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथातला ‘संगर’ ताडून पाहिला. पूर्व किनाऱ्यावरच्या, अखंड ओंडके एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नौकांचे ते नाव. त्याच ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे शहर येते. तिथले कापड गाड्यांनी भडोचला जाई. हे तगर म्हणजे तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. तगर आणि संगर एकाच ग्रंथात भेटतात याचा मला फार आनंद होतो.

सांगाडा म्हणजे मुळात जोडणी; म्हणून असा अर्धवट संगणक पारखताना मी आत काय नाही हे मोजत बसत नाही, जोड पाहतो. आपल्याकडचा दुकानदारही पीसी ‘असेंबल’ करून देतो, म्हणजे जुळवूनच देतो. एसएमपीएस एटीएक्स किंवा एसएफएक्स अशा सर्वमान्य मापाचा आहे का? बोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७ सेंटिमीटर लांब-रुंद, आणि त्याची भोके नेहमीच्या जागी आहेत का? कंपनीने स्वतःच्याच आकाराचा एसएमपीएस आणि स्वतःचीच पिन ठेवली असेल, तर एक भाग जळाला की पुढचे सगळे अडते. तसा संच कितीही देखणा असला तरी मी नाकारेन. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत लांबीइतकीच जाडीही मोजावी, आणि त्याला लागणारी वीज एसएमपीएस देऊ शकतो का ते आधी पाहावे. छोट्या कॅबिनेटमध्ये कार्डाचा पंखा पत्र्याला टेकत असेल, तर गरम हवा आतच कोंडते आणि खेळ रंगात आला की कार्ड आपला वेग उतरवते.