योजना बुडाली, लिफाफा उरला

बँकेच्या संकेतस्थळावर गेलात की बँकेचा संगणक आधी आपली सार्वजनिक किल्ली पुढे करतो. ही किल्ली म्हणजे निव्वळ मोठाले आकडे. ते कोणत्या क्रमाने मांडायचे, हे १९८८ च्या ‘एक्स.५०९’ मानकाने ठरवले. ‘डीईआर’ ही त्यांची काटेकोर बाइट-मांडणी. पण त्या काळची ई-मेल साध्या इंग्रजी अक्षरांपुरती. असले बाइट वाटेत बिघडत.

‘प्रायव्हसी एनहान्स्ड मेल’ ऊर्फ ‘पेम’ ही योजना १९८७ पासून आखली जात होती, १९९३ मध्ये पक्की झाली. तिने तीन बाइटांची चार अक्षरे केली आणि वर-खाली पाच-पाच आडव्या रेघांमध्ये ‘बिगिन’ नि ‘एंड’ लिहिले. मात्र साऱ्या जगाने एकाच मुळावर विश्वास ठेवावा, ही तिची अट. ती कोण मानणार? योजना बुडाली. पुढे किल्ल्या तिच्या लिफाफ्यात राहू लागल्या.

लिफाफा बदलला म्हणून किल्ली बदलत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. ‘पेम’ची अक्षरे उलगडली की आत तेच ‘डीईआर’. ‘ओपनएसएसएल’ एका आज्ञेत हे करते. २०४८ बिटांची आरएसए किल्ली या लिफाफ्यात नेहमी ‘एम-आय-आय’ अशी सुरू होते. ती अक्षरे किल्लीची नव्हेतच. आत किती बाइट आहेत, हे सांगणाऱ्या ‘डीईआर’च्या नोंदीची ती सुरुवात.