चांदा फोर्टची छोटी गाडी : कोणते डबे उरतात आणि का?

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. ते डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं. आता दुसरी तारीख शेजारी ठेवा : नागपूर–नागभीड ही छोटी लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे सतरा वर्षं संग्रहालयही होतं आणि गाडीही धावत होती! वाफेची इंजिनं तोवर निवृत्त झाली होती, म्हणून ती 'वारसा' ठरली. नागभीडच्या लोकांना रोज नेणारे साधे डबे मात्र कामावर होते. वापरातल्या वस्तूला कोणी ऐतिहासिक म्हणत नाही.

ही लाइन बंगाल नागपूर रेल्वेची, रुळांचं अंतर ७६२ मिलिमीटर. गोंदियाहून वडसा, नागभीडमार्गे चांदा फोर्ट आणि नागभीडहून नागपूर, हे सगळं साधारण १९०८ ते १९१३ या काळातलं. गोंदिया–चांदा फोर्ट १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाली, २०१५ मध्ये जबलपूर आणि छिंदवाड्याकडच्या छोट्या गाड्या थांबल्या, शेवटी नागभीड. प्रत्येक वेळी डब्यांना धावायला जागा कमी होत गेली. ब्रॉडगेजवर हा डबा चालवताच येत नाही.

तुलनेसाठी अमेरिका बघू. शिकागो–मिलवॉकी ही विजेवर चालणारी आंतरशहरी रेल्वे जानेवारी १९६३ मध्ये बंद पडली. (आपली छोटी गाडी वाफेवरून थेट डिझेलवर आली, वीज तिच्या वाट्याला आलीच नाही.) तिच्या १९४१च्या दोन 'इलेक्ट्रोलायनर' गाड्या फिलाडेल्फियाच्या एका कंपनीने विकत घेऊन पुन्हा चालवल्या, कारण तिथल्या रुळांचं माप जुळत होतं. आज एक इलिनॉयच्या संग्रहालयात आहे, दुसरी पेनसिल्व्हेनियात. ही दोन्ही संग्रहालयं हौशी लोकांनी उभी केली. खासगी कंपनी बुडाली की डबा विकायला निघतो आणि चार वेडे वर्गणी काढून तो घेऊ शकतात.

आपल्याकडे डबा सरकारी मालमत्ता. तो कंडेम झाला की भंगाराच्या लिलावात जातो, आणि काय ठेवायचं ते रेल्वेच ठरवते. मला हा फरक 'आपल्याला इतिहासाची कदर नाही' या नेहमीच्या रडगाण्यापेक्षा जास्त पटतो. संग्रह मोतीबागेत आहे, कारण छोट्या गाडीचं वर्कशॉप तिथे होतं. गाडी जिथून जायची ते जंगल आणि भाताचा मुलूख त्यात दिसत नाही.

म्हणून या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर संग्रहालयातल्या वस्तूंवरून प्रवाशांबद्दल निष्कर्ष काढू नका. कागदांकडे वळा, पण नावं सांभाळून. जुन्या नोंदीत 'चंद्रपूर' सापडणार नाही, 'चांदा' शोधा. 'गडचिरोली जिल्हा' १९८२च्या आधी नाहीच, त्यामुळे वडसाही चांद्यातच बघायचं. आणि मालक बदलत गेलेत : १९४४ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे सरकारकडे आली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत गेली, १९५५ पासून दक्षिण पूर्व आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. मुख्यालय आधी कोलकात्यात, आता बिलासपुरात. नागभीडच्या डब्याचा माग काढायला कोलकात्यापासून सुरुवात करावी लागते.